जांभळ्या बॅटरीतले जंतू

हॉलमधले दिवे मालवले, पडदे ओढले, आणि अख्खी इमारत जमलेली असूनही कोणी साधं खोकलं नाही.

"घाबरू नका," अंधारातून आवाज आला. "घाबरायचंय ते मी बॅटरी लावल्यावर!"

लोक हसले. मग बॅटरी लागली, आणि हसू जागच्या जागी विरलं. बॅटरीतून मंद जांभळा उजेड पडला आणि टेबलावर पसरलेली लहान मुलांची चादर निळसर पांढरी पेटून उठली. जणू चांदण्याचा तुकडा कोणी इस्त्री करून ठेवला होता.

"हे जे चमकतंय ना, मंडळी, हे जंतू! जिवंत! तुम्ही इथे खुर्चीत बसलाय तेवढ्यात त्यांना नातवंडं झालीत!"

"अगंबाई!" पुढच्या रांगेतून कोणीतरी पाय वर घेतले.

"आणि आता... शुद्धास्त्र!"

फुस्स, फुस्स, फुस्स. लिंबाचा इतका दणदणीत वास सुटला की नाकं बधिर झाली. चादरीवर जिथे जिथे फवारा पडला तिथे तिथे तो उजेड विझत गेला.

"दिसला की...?" आवाजाने विचारलं.

"संपला!" सगळा हॉल ओरडला. ओरडणारच. ही जाहिरात टीव्हीवर दोन बातम्यांच्या मध्ये लागायची, बसथांब्यावर लागायची, आणि फोनवर भलतंच काही शोधायला गेलात तरी आधी हीच पुढे यायची. एवढ्या वेळा ऐकलेली गोष्ट खोटी कशी असेल, असा माणसांचा एक साधा हिशेब असतो.

शेवटी आवाजाचा मालक चादरीचा तो फवारलेला कोपरा उचलायचा आणि आपल्या दोन्ही गालांवरून प्रेमाने फिरवायचा. "इतकं शुद्ध!" हा त्याचा ठरलेला समारोप. मग दिवे लागायचे आणि टाळ्या पडायच्या. कंपनीने त्याला 'आरोग्यदूत' म्हणून पाठवलं होतं. इमारतीतल्या निवृत्त शास्त्रशिक्षिकेने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'फवारेबुवा' ठेवलं होतं. तिला सगळे 'बाई' म्हणत, कारण निम्म्या इमारतीला तिने कधी ना कधी बाकावर उभं केलं होतं.

त्या दिवशी मात्र टाळ्या ओसरल्यावर फवारेबुवाने विचारलं, "ही सगळ्यात घाणेरडी चादर कोणाच्या घरची हो?"

"पाळणाघरातली," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. त्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या पत्नी, आणि शुद्धास्त्राच्या इथल्या अधिकृत विक्रेत्या. "मीच आणली दोरीवरून. आता काय बोलायचं! पोरांच्या काळजीपोटी हो."

सगळ्या माना एकदम तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे पाळणाघर चालवणारी, सगळ्या पोरांची 'मावशी' बसली होती. ती बाईंची धाकटी बहीण. तिने खाली पाहिलं. बाईंनी मात्र खाली पाहिलं नाही. कोण कुजबुजलं, कोणी आपल्या पोराला जवळ ओढलं, आणि कोण गालात हसलं, हे सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं. बाई अपमान विसरत नसत. त्यावर व्याज चढू देत.

दुसऱ्या दिवसापासून पोरं कमी व्हायला लागली. सुरुवात केली बँकेत कॅशियर असलेल्या जुळ्यांच्या आईने. "तसं काही नाही हो मावशी, माझी सासू येतेय राहायला." मग एकेकाची सासू यायला लागली. ज्यांना सासूच नव्हती त्यांची आत्या आली. आठवडा संपेस्तोवर पाळणाघरात एकच मूल उरलं: प्लंबरची मुलगी. तिची आई दिवसभर कामावर, आणि उसनी आणायला आत्याही नव्हती.

धाकटीने काय केलं? तिने सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे काढले आणि दुप्पट पावडर घालून धुतले. उकळत्या पाण्यात बुडवले, पुन्हा पावडरीत घातले, उन्हात कडकडीत वाळवले. हाताची सालं निघाली. मग स्वतः जाऊन फवारेबुवाला म्हणाली, "आता येऊन बघा. आणि चार आयांनाही घेऊन या."

ते आले. पडदे ओढले, बॅटरी लावली. सगळी खोली लखलखली.

"अरेरे!" फवारेबुवा म्हणाला. "ताई, हे तर आणखी वाढले! अहो, आधी वस्ती होती, आता शहर झालंय!"

आया निघून गेल्या. दारावर चिकटवायचं 'जंतुमुक्त घर' असं छापलेलं पांढरंशुभ्र स्टिकर फवारेबुवाने खिशातून काढलं, बघितलं, आणि परत खिशात ठेवलं. सेक्रेटरीणबाई जाता जाता म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा धाकटी रिकाम्या खोलीत लहान मुलांच्या खुर्चीवर बसली होती, गुडघे हनुवटीशी.

"ताई, मी बंद करते हे. माझ्यातच काहीतरी घाण आहे."

"तुझ्यात अक्कल कमी आहे, घाण नाही," बाई म्हणाल्या. त्यांची समजूत घालायची पद्धत ही अशीच होती. "नीट सांग. धुतल्यावर उजेड कमी झाला की वाढला?"

"वाढला म्हटलं ना."

"किती वाढला?"

"खूप. पहिल्यांदा चमकत होतं, आता डोळे दिपत होते."

"आणि पावडर किती घातलीस?"

"दुप्पट. का?"

बाईंच्या चेहऱ्यावर ते भाव आले जे पूर्वी वर्गात कॉपी सापडल्यावर यायचे.

"जंतू धुऊन वाढत नाहीत," त्या म्हणाल्या. "धुऊन वाढते ती पावडर."

तिथून त्या थेट कॅशियरच्या दारात गेल्या. ही जुळ्यांची आई बाईंची जुनी विद्यार्थिनी. दार उघडताच तिचा हात आपोआप पाठीमागे गेला, जणू गृहपाठ राहिला होता.

"तुमच्या बँकेत खोट्या नोटा कशा ओळखतात गं?"

"दिव्याखाली धरतो ना, बाई. जांभळा दिवा असतो. खरी नोट काळपट राहते. खोटी चमकते."

"का चमकते?"

"खोटी साध्या पांढऱ्या कागदावर छापलेली असते. त्या कागदात पांढरं दिसण्यासाठी काहीतरी घातलेलं असतं, ते..." आणि इथे कॅशियरचं वाक्य अडकलं. तिने हळूच विचारलं, "बाई, तो दिवा आणि ही बॅटरी..."

"सख्खी भावंडं. रोज आठ तास तो दिवा हाताळतेस, आणि माझ्या बहिणीच्या चादरीवर तेच दिसल्यावर तुझी सासू येते. तुझा दिवा उद्या मला आणून दे. आणि हे कोणाकडे बोललीस तर बघ."

पुढचे काही दिवस बाईंच्या स्वयंपाकघराचे पडदे भर दुपारी ओढलेले असत. काय काय त्या दिव्याखाली गेलं! पावडरीत धुतलेला टॉवेल लख्ख. त्याच टॉवेलचा कोरा असताना कापून ठेवलेला तुकडा, नुसत्या पाण्यात उकळलेला, कधी पावडर न लागलेला, फक्त मंद. कोरा कागद लख्ख. कचऱ्याचा डबा आणि जिन्याचे कठडे पुसायचं फडकं, जे इमारत बांधल्यापासून कोणी धुतलं नव्हतं, काळंठिक्कर. एक ठिपका उजेड नाही. मग शुद्धास्त्र फवारलेला टॉवेल विझला. आणि शेवटी बाईंनी उन्हात चेहऱ्याला लावायचं मलम दुसऱ्या टॉवेलवर चोपडलं. तोही विझला!

बाई एकट्याच टाळी वाजवून हसल्या. शेजारच्यांना वाटलं, बहिणीच्या काळजीने बाईंचं डोकं फिरलं.

आता चांगल्या माणसाने काय केलं असतं? चार लोकांना बोलावून समजावलं असतं. बाई सरळ होत्या, पण चांगल्या होत्या असा त्यांनी कधी दावा केला नव्हता. बहिणीला भर हॉलमध्ये खाली बघायला लावलं होतं. हिशेब भर हॉलमध्येच मिटणार होता.

त्या सेक्रेटरीणबाईंकडे गेल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "माझे डोळे उघडले हो. धाकटीला समजावलंय मी. तुमच्या त्या आरोग्यदूताचं एक मोठं प्रात्यक्षिक ठेवू या. पलीकडच्या इमारतींनाही बोलावू."

सेक्रेटरीणबाईंना पलीकडच्या इमारती म्हटल्यावर नवी गिऱ्हाइकं दिसली. "तुमच्यासारख्या विज्ञानाच्या बाई बाजूने आल्या म्हणजे प्रश्नच मिटला!" त्या म्हणाल्या. बाईंनी नम्रपणे मान डोलावली. आयुष्यात इतकी नम्रता त्यांनी एकदम कधी खर्च केली नव्हती.

ठरलेल्या दिवशी हॉल तुडुंब भरला. फवारेबुवा आला, नेहमीचं गळ्यापर्यंत बटणं लावलेलं तपकिरी जाकीट अंगात. उकाडा असो, दमट हवा असो, स्वच्छतेचा हा प्रचारक कधी पांढऱ्या कपड्यात दिसत नसे. ही गोष्ट बाईंनी आधीच टिपली होती. आल्या आल्या त्याने सवयीप्रमाणे हॉलभर शुद्धास्त्र फवारलं आणि सगळ्यांची नाकं निकामी केली. बाईंना हेच हवं होतं.

"आज बॅटरी मी धरते," बाई म्हणाल्या. "तुम्ही मोकळ्या हातांनी बोला."

"धरा की! विज्ञानाच्या हातात प्रकाश!" फवारेबुवा खूश झाला.

दिवे गेले. पहिल्या रांगेत बाईंनी मुद्दाम धाकटीला बसवलं होतं, मांडीवर प्लंबरच्या मुलीसह. बाईंनी टेबलावर झाकून ठेवलेल्या दोन ताटांपैकी पहिलं उघडलं आणि बॅटरी लावली. ताटात कापडाची काळोखी घडी होती. कुठे काही चमकलं नाही.

"वा! वा!" फवारेबुवाने हात जोडले. "मंडळी, एकही जंतू नाही! हे कापड कोणाच्याही घरचं असो, माझा त्या गृहिणीला दंडवत!"

"नक्की?" बाईंनी विचारलं. "नंतर म्हणाल, नीट पाहिलं नव्हतं."

"बाई, माझी बॅटरी खोटं बोलत नाही! हे बघा!" आणि त्याने ती घडी उचलून दोन्ही गालांवरून प्रेमाने फिरवली. एकदा, आणि टाळ्या पडल्या म्हणून परत एकदा. "इतकं शुद्ध!"

बाईंनी दुसरं ताट उघडलं. कापड भडकून पेटलं. लोक मागे सरले.

"शी, शी, शी!" फवारेबुवा ओरडला. "उकिरडा! हे घर सील करायला हवं!"

इतक्यात बाईंच्या हातातली बॅटरी थोडी वर सरकली. चुकून, असं त्या नंतर म्हणाल्या. पहिल्या रांगेतून प्लंबरच्या मुलीचा किनरा आवाज आला:

"मावशी! काकांच्या दातांवर जंतू!"

आणि खरंच. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण दातांची एक निळसर पांढरी ओळ हवेत उघडझाप करत होती.

"बाळा, ते... ते दात आहेत," दात म्हणाले.

"बोलतायत पण!" मुलगी म्हणाली.

हॉलमध्ये पहिलं हसू फुटलं. बॅटरी आता मुळीच चुकत नव्हती. ती खाली उतरली: जाकिटाच्या वर डोकावणारी शर्टाची कॉलर गळ्याभोवती ट्यूबलाइटसारखी लागली. "हे काय, आरोग्यदूत? गळ्याशी आलंय तुमच्या." बॅटरी टेबलावर गेली: माहितीपत्रकांचा गठ्ठा लखलखला. मग बाईंनी एक स्टिकर उचलून उंच धरलं. 'जंतुमुक्त घर' ही काळी अक्षरं धगधगत्या पांढऱ्या उजेडात एवढी ठळक दिसली की शेवटच्या रांगेलाही वाचता आली.

"सेक्रेटरीणबाई," बाईंनी विचारलं, "असलं जंतूंचं शहर तुम्ही स्वतःच्या दाराला चिकटवलंत की हो?"

"मला काय माहीत!" अंधारातून सेक्रेटरीणबाईंचा आवाज आला. "त्यांनीच दिलं!"

"दिवे लावा," बाई म्हणाल्या.

दिवे लागले. मग जो काही हशा उसळला, तो पलीकडच्या इमारतीत राहिलेल्यांनाही ऐकू गेला. फवारेबुवाच्या दोन्ही गालांवर काळे, चिकट पट्टे उमटले होते, आणि हातात अजूनही ते फडकं होतं.

"हे कचऱ्याचा डबा पुसायचं फडकं," बाई म्हणाल्या. "जिन्याच्या कठड्यांसकट. तुमच्या बॅटरीने याला दंडवत घातला. आणि ज्यावरून तुम्ही घर सील करायला निघालात तो माझा टॉवेल. सकाळीच पावडरीत धुतलाय."

"हा कट आहे!" फवारेबुवा गाल पुसायला लागला, पट्टे कानापर्यंत पसरले. "कंपनीची बदनामी..."

"बसा." बाईंनी तो शब्द जसा पूर्वी वर्गात उच्चारायच्या तसाच उच्चारला. फवारेबुवा बसला. हॉलमधले उभे असलेले आणखी चौघेपाचजणही बसले.

"आता सगळ्यांनी ऐका. ही बॅटरी जंतू दाखवत नाही. जंतू इतके बारीक असतात की बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. कपडे पांढरे दिसावेत म्हणून पूर्वी नीळ घालायचो, आठवतं? आता पावडरीतच एक द्रव्य घालतात. ते कपड्याला चिकटून राहतं आणि असल्या जांभळ्या उजेडात चमकतं. कागदातही तसलंच असतं. दात आपले आपणच चमकतात. म्हणजे जितकं जास्त धुवाल तितकं जास्त चमकेल! माझ्या बहिणीने हाताची सालं जाईपर्यंत चादरी धुतल्या, म्हणून तिच्या खोलीत तुम्हाला शहर दिसलं. आणि जो कधीच धुणार नाही, त्याला यांचा दंडवत."

"मग फवारल्यावर विझतं कसं?" मागून एकाने विचारलं.

"शाब्बास. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता." बाईंनी मलमाची नळी काढली आणि टॉवेलवर बोटभर चोपडलं. कॅशियरने न सांगताच दिवे बंद केले. लखलखत्या टॉवेलवर मलमाचा काळा डाग दिसला. "हे उन्हात लावायचं मलम. यातलं द्रव्य तो अदृश्य उजेड अडवतं, कपड्यापर्यंत पोचू देत नाही. शुद्धास्त्रातही तसलंच काही आहे. जंतू मेले नाहीत, मंडळी. नुसता दिवा झाकला गेला."

"म्हणजे सगळेच स्प्रे खोटे?" कॅशियरने विचारलं.

"सगळे नाहीत. काहींत खरंच जंतू मारायचं औषध असतं. पण ते मळावर चालत नाही, आणि फुस्स करून लगेच पुसलं तरी चालत नाही. आधी साबणपाण्याने घासायचं, मग फवारायचं, आणि सांगितलंय तेवढा वेळ ओलं ठेवायचं. या बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, 'उत्तम परिणामासाठी पृष्ठभाग आधी साबणाने स्वच्छ धुवावा.' धुतल्यावर उरलं काय मग? लिंबाचा वास! जाहिरात शंभरदा ऐकली म्हणून ती खरी होत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: हेच दुसऱ्या वस्तूवर करून दाखवता का? घाणेरड्या वस्तूवर? तुमच्या स्वतःच्या कॉलरवर? जो टाळेल त्याला दार दाखवा. यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. तोंड उघडायची हिंमत लागते."

फवारेबुवा बॅग उचलून हळूच दाराकडे निघाला होता. दारात बाईंनी आधीच एक खुर्ची आडवी ठेवली होती.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "'पाळणाघरातल्या चादरी स्वच्छ होत्या.' म्हणा."

"...स्वच्छ होत्या."

"मागे ऐकू आलं नाही."

"पाळणाघरातल्या चादरी स्वच्छ होत्या!"

"आता सेक्रेटरीणबाई."

सेक्रेटरीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. वाचवायला कोणी पुढे येईना. ज्यांच्या घरात शुद्धास्त्राच्या बाटल्या पडल्या होत्या तेच सगळ्यात जास्त टक लावून बघत होते. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या. बाईंनी त्यांच्याकडूनही ते दोनदा म्हणवून घेतलं. एकदा पुरे होतं, हे बाईंना माहीत होतं. दुसरी वेळ त्यांनी स्वतःच्या सुखासाठी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणाघराच्या दाराशी आया उभ्या होत्या, पोरांना कडेवर घेऊन. सगळ्या सासवा आणि आत्या एकाच दिवशी आपापल्या घरी परतल्या होत्या. बाई आत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. कोणाकोणाला परत पाठवायचं ते त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"या सगळ्यांना घेतलंस तर माझ्याशी बोलू नकोस," त्या धाकटीला म्हणाल्या.

"पोरांनी काय केलंय, ताई?" धाकटी म्हणाली, आणि दारात गेली. तिने जुळ्यांना आत घेतलं. मग कॅशियरसमोर हात आडवा धरला. "तुम्ही थांबा. आत यायचं तर आधी हात धुवून या. नळ तिकडे आहे. साबण ठेवलाय."

"मी? मी तर नुसतं सोडायला..."

"पोरांना उचलता ना त्याच हातांनी?"

कॅशियर नळाशी गेली. तिच्यामागे दुसरी गेली, मग तिसरी. बघता बघता अंगणात आयांची रांग लागली, बाह्या सरसावून, फेसाने कोपरं माखून. सगळ्यात शेवटी नातवाचा हात धरून सेक्रेटरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी भरभर हात ओले केले आणि दाराशी आल्या.

धाकटीने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून नीट पाहिले. अगदी प्रेमाने.

"बोटांमध्ये राहिलंय," ती म्हणाली. "पुन्हा."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाई मागे टेकल्या, आणि कित्येक दिवसांनी त्यांना बहिणीत नाव ठेवायला काही सापडलं नाही.